कागदात नसलेलं वाक्य

आमच्या घरातला दिवस भोंग्यावर चालायचा. पालीच्या रस्त्याला काजूचा कारखाना होता. त्याचा सकाळचा भोंगा ओहोळापलीकडून ऐकू आला की आई चुलीवरची पेज उतरवायची, माझ्या ताटलीत ओतायची, वर भाजलेल्या सुकटीची चिमूट टाकायची आणि स्वतः उभ्याउभ्या दोन घोट घेऊन पदर खोचायची. तोवर अंगणात काशीकाकू येऊन उभी असे. काशीकाकू ओहोळापलीकडच्या कुणबीवाडीतली, आमची बौद्धवाडी अलीकडे. सुरुवातीची कित्येक वर्षं ती अंगणातच थांबायची. पुढे पुढे चुलीपाशी येऊन आईच्या हातची पेज पिऊ लागली. दोन्ही वाड्यांत त्याची चर्चा झाली, दोघींनी ती होऊ दिली.

"भागे, आटप गो. मुकादम फाटकात उभा आसंल."

"आले. तुझ्यागत मोकळी हाय काय मी? ह्या घोड्याला खायला घालून निघायचं आसतं."

"घोडा बारावीला गेला. आता त्येनं तुला घालायचं."

घोडा म्हणजे मी. सुधाकर नाव शाळेच्या दाखल्यात होतं, दोन्ही वाड्यांना मी सुदा होतो. बाबा मुंबईला गोदीत होते. त्यांचे पैसे यायचे, पण कधी येतील ते त्यांनाही सांगता यायचं नाही, म्हणून घर चालायचं ते कारखान्यावर. आई आणि काशीकाकू शेजारी शेजारी बसून काजू फोडायच्या. एका हाताने बी यंत्राच्या पात्यात धरायची, पायाने दांडा दाबायचा, टरफल फुटलं की गर काढून टोपलीत टाकायचा, असं दिवसभर. टरफलातला चीक कातडीला लागला की कातडी भाजते. बायका हाताला राख आणि तेल चोळून बसत, तरी आईची बोटं पेरापर्यंत काळी आणि सालपटं निघालेली असत. त्याच बोटांनी ती संध्याकाळी भाकरी थापायची. तांदळाच्या पांढऱ्या भाकरीवर ती काळी बोटं फिरताना मी रोज पाहिली आहेत आणि कॉलेजात जायला लागल्यावर, खोटं कशाला सांगू, मला त्या बोटांची लाजही वाटायला लागली होती.

मला वाडीत एक काम होतं, त्याचा मला अभिमान होता. मी वाचायचो. मुंबईची पत्रं, मनिऑर्डरीच्या चिठ्ठ्या, तहसीलमधून आलेल्या नोटिसा, सगळं माझ्यापुढे यायचं. सहावी-सातवीत असताना काशीकाकूच्या नवऱ्याचं एक पत्र आलं. पहिल्या पानावर खुशाली होती. पाठीमागे वाचणाऱ्यासाठी लिहिलं होतं की छातीचं दुखणं वाढलंय, डॉक्टर गावी जा म्हणतात, पण काशीला सांगू नका. 'सांगू नका' हे मी मानलं. पहिलं पान वाचलं, पत्राची घडी घातली आणि काकूच्या हातात दिली. आई दारात उभी होती. तिला अक्षरं जोडून जोडून वाचता यायची, तिसरीपर्यंत शिकली होती, पण कागदाला दोन बाजू असतात हे कळायला तेवढं पुरेसं होतं. घरी आल्यावर तिने विचारलं, "पाठ का नाय वाचलीस?" मी सांगितलं. तिने माझा कान धरला आणि तसाच ओहोळ ओलांडून मला परत काशीकाकूच्या ओटीवर नेलं. "वाच. कागदात हाय तेच वाचायचं. गोड आसो, कडू आसो. तू वाचनारा, लिवनारा न्हवंस." मी पाठ वाचली. काशीकाकू दुसऱ्या दिवशीच्या एसटीने मुंबईला गेली. नवरा तिला पंधरा दिवस भेटला, नंतर गेला. ती परत आल्यावर कुणाहीपुढे माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगायची, "ह्येनं वाचलान म्हनून मला मानूस दिसला. सुदा वाचतो ते कागदात आसतंच."

हे मी आधी सांगून ठेवतोय, कारण पुढे जे मी केलं ते माझ्यावर केवढा विश्वास असताना केलं, हे वाचणाऱ्याला माहीत असावं.

मी बारावीत गेलो त्या सुमाराला पंचायतीत बायकांसाठी जागा राखीव होऊ लागल्या आणि आमच्या गावाचं सरपंचपद पहिल्यांदाच बाईसाठी निघालं. त्याआधी तीन वेळा आप्पा सरपंच होते. आप्पांच्या हापूसच्या बागा होत्या, जीप होती, बोलणं मऊ होतं. सरपंच तेव्हा सदस्यांतून निवडला जायचा. सात सदस्यांत बायका तीनच, त्यांतली एक आप्पांच्या भावजयीची बहीण, ती होणार असं सगळे धरून चालले होते. आमच्या वाडीतून आई निवडून आली होती आणि कुणबीवाडीतून काशीकाकू. निवडीच्या दिवशी आप्पांची दोन माणसं आपसातल्या भांडणामुळे फुटली, आणि चार हात आईसाठी वर झाले. त्यातला पहिला हात काशीकाकूचा होता. घरी येताना ती म्हणत होती, "भागे, आता खुर्चीवर बसशील तवा पाय लोंबतील हां तुझे. पाट घेऊन जा." दोघी ओहोळात उभ्या राहून इतक्या हसल्या की पलीकडे गुरं चारणारा म्हातारा उठून बघायला लागला.

सरपंचाला मानधन असतं. सरकारचा थोडा वाटा, पंचायतीचा थोडा. सदस्यांना बैठकीला आल्याचा भत्ता. रक्कम त्या वेळी फार नव्हती, पण आईचं गणित साधं होतं. महिन्यातून जेवढे दिवस तिला बैठकीला, पालीला, तालुक्याला जावं लागे, तेवढे दिवस कारखान्याची मजुरी बुडायची. मानधन आलं की ती भरून निघणार होती, आणि काशीकाकूचीही बैठकीच्या दिवसाची मजुरी भत्त्यातून निघणार होती. अडचण होती ती आमच्या गावाच्या एका पद्धतीची. नवा सरपंच झाला की पहिल्या सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत तो उभा राहून म्हणे, माझं मानधन मी गावाला सोडतो. मग सदस्यही हात वर करून आपापले भत्ते सोडत. गावातर्फे सरपंचाला शाल आणि नारळ दिला जाई, टाळ्या होत, आणि सोडलेले पैसे गावाच्या म्हणून एखाद्या कामाला लागत. आप्पांनी तीनदा सोडलं होतं. त्यांच्या वडिलांनीही सोडलं होतं. ज्याच्या बागेतून दर मेमध्ये ट्रक भरून जातो त्याला ते सोडणं किती सोपं, हे कुणी कधी मोठ्याने बोललं नव्हतं. बोलायचं कारणच पडलं नव्हतं, तोवर मजुरी करणारं कुणी त्या खुर्चीत बसलंच नव्हतं.

जानेवारी लागला तशी गावात कुजबुज सुरू झाली. दुकानात मी साखर घ्यायला गेलो की बोलणं थांबायचं. एकदा थांबलं नाही, मला ऐकवण्यासाठीच चालू राहिलं. "आता बगू, बाई काय करते. सोडते का घरी नेते." दुसरा म्हणाला, "नेईल नाय तर काय. खुर्ची कशाला धरलीन मंग?" मी साखर घेतली, सुटे पैसे न मोजता खिशात टाकले आणि घरी येईपर्यंत ते वाक्य चघळत राहिलो.

त्याच आठवड्यात कॉलेजातून येताना आप्पांनी पालीच्या नाक्यावर जीप थांबवली. मला पुढे, त्यांच्या शेजारी बसवलं. आमच्या वाडीतलं कुणी त्या सीटवर बसल्याचं मला आठवत नव्हतं.

"काय सुधाकर, पुढे काय करायचं ठरवलंयस?"

"डी.एड. करीन म्हणतो."

"कर. काही लागलं तर सांग." पुढचं वळण घेऊन झाल्यावर ते म्हणाले, "तुझी आई हुशार आहे हो. पण गावाच्या तोंडाला हात कोण लावणार? परवा कुणीतरी म्हणत होतं, बाई पगारासाठी बसली. मी झापला त्याला. म्हटलं, त्या घराला तसली भूक नाही. काय रे, बरोबर बोललो ना?"

"बरोबर," मी म्हणालो.

आप्पांवर सगळं ढकलून मोकळं व्हायचा मी पुढे बरीच वर्षं प्रयत्न केला. पण त्यांनी मला कोणतंही वाक्य शिकवलं नव्हतं. त्यांनी एक प्रश्न विचारला आणि मी 'बरोबर' म्हणालो. भूक नाही, असं मी सांगून आलो होतो. त्या दिवशी घरात फक्त कुळथाची पिठी आणि भात होता. तो मी चवीने खाल्ला, आणि तरीही आत कुठेतरी त्या पुढच्या सीटवरच बसून राहिलो.

ग्रामसभेच्या आधीच्या रविवारी दुपारी आईने मला वहीचं पान फाडायला लावलं. कारखान्याला सुट्टी होती. ती ओटीवर हात धुऊन बसली होती, तेल लावलेली बोटं गुडघ्यांवर पसरून. सभेत सरपंचाने बोलायचं असतं, आणि लोकांपुढे उभं राहून अक्षरं जोडत बसलं तर हसं होईल, म्हणून वाचायचं मी, असं ठरलं होतं. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी त्याला हरकत घेतली नव्हती. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. ओहोळ ओलांडायच्या साकवाचं, शाळेच्या कौलांचं, आमच्या वाडीच्या विहिरीचं. मग ती थांबली.

"आता लिव. सरपंचाचं मानधन नि सदस्यांचा बैठकीचा भत्ता जो कायद्यानं ठरला हाय, तो ह्या वर्सापासून ज्येचा त्येला देन्यात यावा. कुनी सोडावा आशी जबरदस्ती करू नये."

माझा पेन थांबला. "आये, आपण सोडूया ना. लोक काय काय बोलतात."

"काय बोलतात?"

मी सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. "बोलूंदे. हे बग सुदा, मी एकटी आसते तर सोडलंही आसतं. दोन वर्सं आनखी काजू फोडले आसते. पर मी घेतलं तर काशीला घेता येईल, तिला तसं बोलले हाय मी. मी सोडलं तर तिनं तोंड कसं उघडायचं? बैठकीला आली की तिचा खाडा पडतो. किती दिस येईल ती? तिचं मत नसंल तर आपली विहीर व्हनार हाय काय?"

विहिरीचा ठराव तीन विरुद्ध चार अशाच मतांवर उभा होता. हे तिने मला बोटांवर मोजून समजावलं. म्हणजे मला कळलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मी तिने सांगितलं तसं, एकही शब्द न बदलता लिहिलं. तिने कागद हातात घेतला, त्या ओळींवर बोट ठेवून हळूहळू वाचला, आणि घडी घालून माझ्या शर्टाच्या खिशात ठेवला.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं आणि शाळेच्या व्हरांड्यात सभा बसली. आंब्यांना मोहोर होता, सगळीकडे त्याचा गोडसर वास होता. आईने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि हात पदराखाली घेतले होते. टेबलापाशी भाऊसाहेब प्रोसिडिंगची वही उघडून बसले होते. टेबलाच्या कडेला एका ताटात शाल आणि शेंडीवाला नारळ आधीच मांडून ठेवलेला होता. ते ताट मी पाहिलं. म्हणजे गावाने ठरवून टाकलं होतं. आता ते ताट तसंच उचलून आत नेलं जाणार, सगळ्या गावासमोर, आणि ते का नेलं हे वाचून दाखवणारा मी.

मी वाचायला उभा राहिलो. साकव झाला. कौलं झाली. विहिरीच्या वेळी मागे कुणीतरी खोकलं. समोर खुर्चीवर आप्पा बसले होते, माझ्याकडे पाहून त्यांनी मान किंचित हलवली, कौतुकाने हलवतात तशी. त्यांच्या मागे माझ्या वर्गातली दोन पोरं भिंतीला टेकून उभी होती. दुकानातला तो माणूसही होता, हाताची घडी घालून. डाव्या बाजूला बायकांत काशीकाकू बसली होती. ती माझ्याकडे बघत होती आणि तिच्या ओठांवर, मी चांगला वाचतोय म्हणून, हसू होतं.

पुढची ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती. अक्षर माझंच होतं. मी कागदाकडे बघत होतो, बोट ओळीखाली होतं, आणि माझ्या तोंडून आलं, "सरपंच म्हणून मिळणारं मानधन मी गावाला सोडत आहे."

टाळ्या इतक्या पटकन झाल्या की मला शेवटचा शब्दही पुरा ऐकू आला नाही. मी आईकडे बघितलं. ती उठून उभी राहिली होती. तिचा एक हात पदराबाहेर आला होता, काहीतरी थांबवायला यावा तसा. क्षणभर मला वाटलं ती बोलणार, आणि ती बोलावी असंही वाटलं, हे आज मी शपथेवर सांगू शकतो. पण ती बोलली असती तर गावासमोर आपला पोरगा खोटं वाचतो असं तिला म्हणावं लागलं असतं. तिने माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि हात परत पदराखाली घेतला.

आप्पा उठले. "शाबास, भागीरथीबाई. गावाची रीत राखलीत." त्यांनी शाल तिच्या खांद्यावर टाकायला एका बाईला पुढे केलं, नारळ तिच्या हातात दिला. मग सदस्यांकडे वळून ते हसत म्हणाले, "आता सरपंचांनी सोडलं म्हटल्यावर तुम्ही मागे कसे राहाल?" हात वर होत गेले. एक, दोन, चार, पाच. सगळे काशीकाकूकडे बघू लागले. ती आईकडे बघत होती. तिच्या ओठांवरचं हसू अजून पुरतं गेलेलं नव्हतं, ते जायला विसरल्यासारखं तिथेच राहिलं होतं. मग तिने हात वर केला. बोटं काळी होती. आईसाठी वर केला होता तोच हात.

"एकमताने," भाऊसाहेब म्हणाले आणि लिहिलं.

घरी येताना काशीकाकू आमच्याबरोबर नव्हती. आईने ओटीवर बसल्या बसल्या विचारलं, "कागदात तसं हुतं काय?"

मी म्हणालो, "तसंच होतं. तूच सांगितलं होतंस ना शेवटी?"

तिने हात पुढे केला. मी कागद दिला. तिने उन्हाकडे तोंड केलं, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचायला लागली. "स-र-पं-चा-चं मा-न-ध-न नि स-द-स्यां-चा..." तिने पूर्ण ओळ वाचली. एकही अक्षर सोडलं नाही. मी तिथेच उभा होतो. तिने मारलं असतं तर बरं झालं असतं. वाचून झाल्यावर तिने कागदाची घडी घातली आणि आत नेऊन पत्र्याच्या पेटीत ठेवली.

संध्याकाळी तिने नारळ फोडला. खोबरं खवलं, वाटलं, त्याचं सार केलं, भात केला, माझं ताट वाढलं आणि समोर बसली. आमच्याकडे नारळ विकत घ्यावा लागे, एवढ्या खोबऱ्याचं सार वर्षातून एकदा-दोनदा होई.

"खा," ती म्हणाली. "वर्साचा पगार हाय."

मी खाल्लं. तिने स्वतः घेतलं नाही.

मला वाटत होतं, दुसऱ्या दिवशी ती काशीकाकूला सगळं सांगेल. भोंगा झाला, आई पदर खोचून अंगणात गेली. अंगणात कुणी नव्हतं. काशीकाकू त्या दिवसापासून वरच्या पाणंदीने कारखान्यात जाऊ लागली, मुकादमाला सांगून तिने यंत्रही बदलून घेतलं. आठवडाभराने मीच रडत आईला म्हणालो, "काकूला सांग मी केलं म्हणून." ती चूल फुंकत होती. "सांगेन. मंग उद्या तुझ्याकडनं कागद कोन वाचून घेईल? दोन्ही वाड्यांत तू एकटाच वाचनारा हायस. माझ्यावर राग धरलान तर तिचा येक मानूस जाईल. तुझ्यावरचा भरवसा गेला तर मुंबयचं पत्र घेऊन ती कुनाच्या दारात जाईल?" नंतर नळीत फुंकर घालून म्हणाली, "नि तू सांगू नकोस. झालं त्येवढं पुरे."

मी ते ऐकलं. किती सोपं होतं ते ऐकणं! मुंबईला दिलेल्या काशीकाकूच्या मुलीची पत्रं येतच राहिली, मी ती पाठपोट वाचून दाखवत राहिलो. ती ऐकायची, घडी घ्यायची आणि जाताना आमच्या दाराकडे न बघता जायची. एकदा ओहोळावर कुणाला तरी ती सांगत होती, "नारळासाठी इकलान मला." मी घागर भरून वाट बदलली.

काशीकाकू त्यानंतर दोन बैठकांना आली. मग तिला खाडे परवडेनात. सहा महिने सलग गैरहजर राहिलेल्या सदस्याचं पद जातं. ते कळवणारा कागद सरपंचाच्या सहीने जातो. भाऊसाहेबांनी तो आईपुढे ठेवला तेव्हा मी पंचायतीच्या दारात होतो. आईने सही करायला किती वेळ लावला! तिच्या नावाची अक्षरं फार नव्हती. सही झाली तेव्हा कागदाच्या कोपऱ्यावर तिच्या बोटाचा तपकिरी डाग उमटला होता. भाऊसाहेबांनी तो खोडरबराने पुसायचा प्रयत्न केला. पुढच्या महिन्यात विहिरीच्या ठरावाला चार हात लागत होते, तीनच वर झाले, आणि तो पुढे ढकलला गेला, आईची मुदत संपेपर्यंत ढकलला जात राहिला. सोडलेल्या मानधनातून देवळापुढे फरशी बसली. त्या फरशीवर आमच्या वाडीतलं कुणी जात नव्हतं. आई पाच वर्षं कारखान्यातून थेट बैठकीला जाई, टेबलाखाली हात ठेवून बसे. मोठ्या गावातले सरपंच तालुक्याला भेटले की तिला विचारत, "बाई, मानधन येतं का वेळेवर?" ती म्हणे, "येतं की."

मी डी.एड. केलं नाही. ग्रामसेवक झालो. संगमेश्वराकडच्या गावांत नोकरी गेली, आता आमचं पदनाम बदललंय, कामं तीच आहेत. अलीकडे सरपंचांचं मानधन वाढल्याचा आदेश आला तेव्हा मी तो मासिक बैठकीत उभा राहून सबंध वाचला. सवयच लागली आहे. नव्या पंचायतीच्या पहिल्या बैठकीत मानधनाचं आणि भत्त्याचं कलम मी स्वतः मोठ्याने वाचतो आणि सोडण्याबद्दल कुणी बोलायला लागलं की म्हणतो, ज्यांना सोडायचंय त्यांनी घरी नेऊन सोडा, सभेत नाही. लोक मला खडूस म्हणतात. यातून माझं काही फिटतं अशी माझी समजूत नाही.

आई गेली त्याला दोन वर्षं झाली. काशीकाकू तेव्हा आली होती. ओहोळाच्या वळणावर उभी राहिली, अलीकडे आली नाही. आईची पेटी आवरताना तो कागद मिळाला. घडीवर फाटायला आला होता. मानधनाच्या ओळीखाली, प्रत्येक शब्दाखाली एक, असे पुसट डाग होते. बोट ठेवून ठेवून वाचल्याचे. एका दिवसात पडतील त्याहून ते जास्त होते.

गेल्या महिन्यात तो कागद घेऊन मी काशीकाकूकडे गेलो. ती ओटीवर आमसुलं वाळत घालत होती. नजर अधू झाली आहे, पण आवाज तसाच. "कोन? सुदा? बस. पत्र आनलंस काय कुनाचं?"

"आयेचं आहे," मी म्हणालो, आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. दुकानातलं बोलणं, जीप, रविवारची दुपार, सभा. आमसुलं पालथी घालणारा तिचा हात मधेच थांबला.

"वाच," ती म्हणाली.

मी वाचलं. साकवापासून शेवटपर्यंत, आईने सांगितलं होतं तसं. 'कुणी सोडावा अशी जबरदस्ती करू नये' ही ओळ मी दोनदा वाचली.

तिने ओहोळाकडे तोंड केलं. मग म्हणाली, "रोज भोंगा झाला की ती आंगनात येऊन उभी ऱ्हायाची. मी वरच्या पानंदीतनं बगायचे. मला वाटायचं, लाजंनं उभी ऱ्हाते. आता कुनाशी बोलू मी?"

मी कागदाची घडी घालायला लागलो.

"पाठीवर काय हाय?"

"काही नाही, काकू. कोरी आहे."

तिने हात पुढे केला, कागद माझ्याकडून घेतला, डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, उलटा केला, आणि स्वतः बघितलं.